उबपेटीतला आवाज

पोस्टाची गाडी दारात थांबली तेव्हा सुवर्णाबाई चौगुले अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. पोस्टवाल्या बाईनं पेटी दोन्ही हातांनी, तान्हं बाळ उतरवावं तशी उतरवली, झाकणावरची हिरवी अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवली आणि सही घेतली. आत बारा अंडी होती आणि बाराही जिवंत होती. पाठवणाऱ्याचं नाव नीलिमा परब, कणकवली. ते ऐकून सुवर्णाबाईंच्या कपाळावर जी आठी पडली ती पोस्टवाल्या बाईलाही दिसली असावी, कारण एरवी पाणी पिऊन, चार गोष्टी करून जाणारी ती बाई त्या दिवशी लगेच निघाली.

नीलिमा परब म्हणजे सुवर्णाबाईंच्या विहीणबाई, सून सानिकाची आई. बाई वाईट नव्हती, आणि खरी अडचण तीच होती. वाईट असती तर सुवर्णाबाईंना तिचा राग उघड करता आला असता. ती शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाली होती आणि तिचा आवाज असा होता की भाजीवाल्याशी घासाघीस केली तरी ऐकत राहावं. सुवर्णाबाईंचा मुलगा अथर्व आणि सानिका यांच्या लग्नात तिनं मंगलाष्टकं म्हटली तेव्हा जेवणाच्या पंक्तीची धावपळसुद्धा थांबली होती. सुवर्णाबाईंनीही एक मंगलाष्टक पाठ करून ठेवलं होतं. त्यांना म्हणायला कुणी सांगितलंच नाही. एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात काढलेल्या बाईचा गळा गाड्यांच्या आवाजावर ओरडून ओरडून पार घोगरा झालेला, तेव्हा कोण कशाला सांगेल? कुणी सांगितलं नाही हे बरंच झालं असं त्या चारचौघांत म्हणत, आणि मनात मात्र ती गोष्ट अजून ताजी होती.

आता या अंड्यांचं कारण. आदल्या वर्षी पक्ष्यांची साथ आली आणि नेसरीच्या आसपासची सगळी खुराडी रिकामी करावी लागली. सुवर्णाबाईंच्या तांबड्या कोंबड्याही त्यात गेल्या. सासूच्या काळापासून चालत आलेली ती जात होती. त्या दिवसापासून अंगण मुकं झालं. विहीणबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी आपल्या कोंबड्यांची अंडी उबवण्यासाठी पाठवते असं सांगितलं. प्रेमानंच सांगितलं. विहिणीचा आहेर नको म्हणण्याची सोय आपल्याकडे नाही, म्हणून सुवर्णाबाईंनी तोंडानं हो म्हटलं.

पूर्वी अशी अंडी भाताच्या तुसात घालून खोक्यातून येत, घाटातल्या खड्ड्यांनी निम्मी आतल्या आत मरून जात. साथीनंतर तर जिल्ह्याबाहेर जाणारं प्रत्येक अंडं तपासणीच्या कोठारात दोन आठवडे ठेवण्याचा नियम झाला. इतके दिवस पडून राहिलेलं अंडं कशाला फुटतंय? त्यावर तोड म्हणून उबपेटी निघाली. पेटीत ऊब असे, ओल असे, अंडी आपोआप कुशी बदलत, आणि कोठारात, गाडीत, गोदामात कुठंही असली तरी आतलं पिल्लू वाढत राही. पेटी दारात यायची ती पिल्लं चोच मारायच्या बेतात असतानाच. प्रत्येक ओळीतल्या अंड्यांवरून हातरुमालाइतकी मऊ, जाड कापडासारखी पट्टी घातलेली असे. तिला नादपट्टी म्हणत. ती कशासाठी, हे सुवर्णाबाईंना तेव्हा ठाऊक नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही.

बाराही पिल्लं निघाली. करड्या अंगावर काळे ठिपके, आखूड पाय, डोळे तरतरीत. पाहून सुवर्णाबाईंचा राग विरघळला. जन्मभर कोंबड्या पाळलेल्या बाईला पिल्लांवर किती वेळ रुसता येणार? कण्या हातावर घेऊन त्यांनी नेहमीची साद घातली. एकही पिल्लू आलं नाही. त्या सरकून जवळ गेल्या तर सगळी भिंतीकडे पळाली. पहिला दिवस आहे, घाबरली असतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. शेजारणीची खुडूक कोंबडी आणून त्यांच्यात सोडली. ती बिचारी पंख पसरून, कुकुक करून बोलावत राहिली, पण पिल्लं तिच्याकडे पाहायलाही तयार नव्हती. त्या संध्याकाळी वारं सुटलं आणि गारठा पडला. कोंबडी हातभर अंतरावर पंख उघडून बसलेली असताना पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून कुडकुडत होती. सुवर्णाबाईंनी ती एकेक करून पदरात घेतली, तोवर एक गेलेलं होतं.

मग रविवारी पुण्याहून सानिकाचा फोन आला. तिला चौथा महिना चालू होता आणि आठवड्याच्या या फोनवर सुवर्णाबाईंचा जीव अडकलेला असे. पिल्लं दाखवा म्हणाली म्हणून त्यांनी फोन अंगणात पाट्याला टेकून उभा केला. कणकवलीहून विहीणबाईंनाही सानिकानं फोनवर घेतलं. पडद्यावर नीलिमाताई दिसल्या आणि नेहमीच्या लाडिक सुरात म्हणाल्या, “या गो बायांनो, या.”

अकराच्या अकरा पिल्लं अंगणाच्या पार टोकाकडून धावत सुटली. पाय आखूड असल्यानं काही कोलमडली, पुन्हा उठली. फोनवर चढली, पडद्यावर चोची घासू लागली, एक तर नीलिमाताईंच्या हनुवटीला टेकून डोळे मिटून बसलं. पुण्यात सानिका आणि अथर्व पोट धरून हसले. सुवर्णाबाईही हसल्या, जरा जास्तच मोठ्यानं हसल्या. दुपारी मात्र त्यांना भाकरी गोड लागली नाही.

नीलिमाताईंनी मोकळेपणानं सगळं उलगडून सांगितलं. घाटातल्या धक्क्यांनी आणि गोदामातल्या गोंगाटानं अंड्यातल्या जिवाचं काळीज बिथरतं, म्हणून नादपट्टी असते. आतल्या जिवापर्यंत पोचणाऱ्या प्रत्येक आवाजाच्या बरोबर उलटा आवाज ती काढते, तेव्हा दोन्ही एकमेकांना मारतात आणि आत शांतता राहते. त्या शांततेत मग पाठवणाऱ्यानं भरून दिलेला एकच आवाज ती सोडते. पट्टी अंड्याच्याच उबेवर चालते, आणि ज्याला चिकटलीय त्याच्या आतच तिचा आवाज उतरतो, शेजारच्याला काही ऐकू येत नाही. नीलिमाताईंनी आपली साद आणि एक अंगाई भरली होती.

“जन्मायच्या आधी जो आवाज ऐकला तोच त्यांना आपला वाटतो हो,” त्या म्हणाल्या. “मला आधी सुचायला हवं होतं. तुमचाच आवाज भरून घ्यायला हवा होता.”

ही दिलगिरी खरी होती. सुवर्णाबाईंना ती टोमण्यासारखी लागली. बाकीच्या बोलण्यातलं त्यांच्या कानात शिरलं ते एवढंच, की जन्मायच्या आधी जो आवाज ऐकला तोच आपला.

पुढचे काही दिवस त्यांनी काय केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. परड्यात कुणी नाही असं पाहून त्या भिंतीआड उभ्या राहत आणि विहीणबाईंच्या सुरात “या गो बायांनो” म्हणत. पिल्लं चरता चरता मान वर करत, ऐकत, आणि हे काही खरं नाही असं ठरवून पुन्हा चरायला लागत. एकदा शेजारीण कुंपणावरून डोकावली आणि तुमच्याकडं कोण पाहुणी आलीय म्हणून विचारू लागली. सुवर्णाबाईंनी रेडिओ लावलाय म्हणून वेळ मारून नेली. शेवटी त्यांनी हार मानली आणि नीलिमाताईंचा आवाज फोनवर घेऊन ठेवला. संध्याकाळ झाली की स्वतःच्या अंगणात स्वतःच्या कोंबड्या कोंडायला त्या विहीणबाईंचा आवाज लावत. हा अपमान पिल्लांच्या लेखी अर्थातच काही नव्हता.

सातवा महिना लागला आणि सानिका कणकवलीला गेली. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात बोलायला जागाच नाही. सुवर्णाबाई स्वतः पहिल्या खेपेला माहेरी गेल्या होत्या आणि त्यांच्या सासूनं मूल पाहिलं ते बारशाला. त्यांनी डोहाळजेवण थाटात केलं, ओटी भरली, गाडीत बसवून दिली. आठवड्यानं सानिका फोनवर हौसेनं सांगत होती की डॉक्टर म्हणाल्या, बाळाला आता बाहेरचं ऐकू येतं. “आई रोज पोटाशी बसून गातेय त्याच्यासाठी. तो लाथा मारून साथ देतो.”

फोन ठेवला आणि सुवर्णाबाई तिथंच पायरीवर बसून राहिल्या. समोर अकरा कोंबड्या चरत होत्या, आता वाढून अंड्यावर यायच्या बेतातल्या तलंगा झालेल्या, आणि त्यातल्या एकीलाही दाणे टाकणारी बाई आपली वाटत नव्हती. त्यांना नातू दिसू लागला. बारशाला आपण जाणार, हात पुढे करणार, तो भिंतीकडे तोंड फिरवणार. मग आतून ती मंजूळ हाक येणार आणि पोर तिकडे झेपावणार. सगळे हसणार. आपणही हसायचं. त्यांना एकच नातवंड व्हायचं होतं, सानिकानं आणि अथर्वनं तसं स्पष्ट सांगून ठेवलं होतं. तेही आधीच परब होऊन जन्मणार होतं.

मुलाच्या आईनं जाऊन विहिणीच्या घरी मुक्काम ठोकावा हे जमण्यातलं नव्हतं. सुनेला आमच्याकडे पाठवा म्हणणं त्याहून नव्हतं. त्यांनी चार दिवस विचार केला आणि मग कपाटातून एक नादपट्टी काढली. पेटी पोस्टात परत गेली होती, पण पट्टी एकदाच वापरायची असल्यानं घरीच राहिली होती. आपला आवाज तिच्यात कसा भरायचा ते सोपं होतं, फोन टेकवून बोलायचं. काय बोलावं हे मात्र सुचेना. गाणं येत नव्हतं. मग त्या आयुष्यभर जे बोलत आल्या तेच बोलल्या. गडहिंग्लज, महागाव, नेसरी, पुढं सरका, म्हाताऱ्या माणसाला जागा द्या. आणि मध्ये मध्ये, “ये माझ्या राजा, आजी हाय हितं. भिऊ नगंस.” एवढं भरून त्यांनी फोन बाजूला ठेवला.

पट्टीच्या काठावर बारीक अक्षरांत छापलं होतं की अंड्यांखेरीज ती इतरत्र वापरू नये. सुवर्णाबाईंनी तो काठ आत मुडपला. आपल्या जुन्या मऊ लुगड्यांची गोधडी त्या शिवतच होत्या, तिच्या मधोमध दोन थरांत पट्टी घातली आणि वरून दाट धावदोरा मारला. पार्सलासोबत निरोप दिला की पोटावर घेऊन झोप, बाळाला आजीच्या लुगड्याची ऊब लागू दे.

सानिकाला गोधडी फार आवडली. त्यातच तिचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी शेवटपर्यंत पडून राहायला सांगितलं, तेव्हा दिवसरात्र गोधडी तिच्या अंगावरच राहिली. ती म्हणायची, ही घेतली की बाळ अगदी शांत होतं. नीलिमाताईंनी फोनवर हलकीशी तक्रार केली, की हल्ली मी गायले तर तो हलतसुद्धा नाही, आळशी झालाय. सुवर्णाबाईंनी त्यांची समजूत घातली, शेवटच्या दिवसांत पोरं असंच करत्यात म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर त्या अंगणात गेल्या आणि कोंबड्यांना मूठभर दाणे जास्त टाकले. इतकं बरं त्यांना कैक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मुलगा झाला. नीट झाला, बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप. पण दुसऱ्याच दिवशी अथर्वचा फोन आला, तो कणकवलीत होता, आणि त्याचा आवाज थकलेला होता. बाळ दूध घेत नाही, सारखं रडतंय, डॉक्टरांना काही दोष सापडत नाही, कानही ठीक आहेत. पाठीमागून ते रडणं ऐकू येत होतं. सुवर्णाबाई काळजीनं म्हणाल्या, “आरं, काय झालं त्याला?” आणि रडणं थांबलं. अथर्वनं पुन्हा बोलायला सांगितलं. त्या बोलल्या, बाळ गप्प राहिलं. त्या थांबल्या, ते रडू लागलं.

त्या दुपारच्या गाडीनं निघाल्या. घाट उतरताना त्यांच्या मनात काय चाललं होतं ते लपवण्यात अर्थ नाही. त्या खुशीत होत्या. मंडपात ज्यांना कुणी दोन ओळी म्हणायला सांगितलं नव्हतं त्यांना आता बोलावणं आलं होतं, आणि तेही त्यांच्या आवाजासाठी.

खोलीत पाऊल टाकताच त्या म्हणाल्या, “कुठाय माझा राजा?” नीलिमाताईंच्या मांडीवर लालबुंद होऊन रडणारं पोर गप्प झालं. त्यानं मान वळवली. इतक्या लहान बाळाला मान अशी वळवता येते हे तिथल्या कुणाला ठाऊक नव्हतं. नीलिमाताईंनी बाळ त्यांच्याकडे दिलं आणि त्या बाजूला झाल्या. त्यांच्या तोंडावर हसू होतं, पण ते हसू सुवर्णाबाईंच्या चांगल्याच ओळखीचं होतं. तसंच हसू त्या स्वतः कैक महिने हसत आल्या होत्या. मग नीलिमाताई काहीतरी आणायचं निमित्त करून बाहेर गेल्या. सुवर्णाबाई जिंकल्या होत्या.

तेव्हा सानिकानं हात पुढे केले. “द्या, पाजते त्याला,” ती म्हणाली. बाळ तिच्याकडे गेलं. ती त्याच्यावर वाकून हळू आवाजात बोलू लागली, सोन्या म्हणाली, राजा म्हणाली, आणि पोर तिच्या छातीपासून मान मागे टाकून किंचाळू लागलं. सानिकानं बोलणं लगेच बंद केलं. तिला ही सवय झालेली दिसत होती. ती फक्त सासूकडे पाहत राहिली.

“आई, तुम्ही बोलत राहा,” ती म्हणाली. “तुमचा आवाज असला की पितो तो. फोनवर पाहिलं ना आम्ही.”

सुवर्णाबाई बोलू लागल्या. काय बोलत होत्या त्यांचं त्यांना कळत नव्हतं. बाळ पिऊ लागलं, पण त्याचे डोळे आजीच्या दिशेनं होते. ज्या अंगातून दूध येत होतं त्या अंगाकडे ते वळून पाहत नव्हतं. पलंगाच्या पायथ्याशी गोधडी नीट घडी करून ठेवलेली होती. तिच्याकडे पाहता पाहता विहीणबाईंनी अंगणातल्या त्या फोनवर सांगितलेलं सगळं त्यांना अक्षर न् अक्षर आठवलं. पट्टी नुसता आवाज घालत नाही. ती बाकीचे सगळे मारते. त्यांना विहिणीचं गाणं पुसायचं होतं, आणि त्याच्यासोबत सानिकाचं बोलणं, तिचं हसणं, खोकणं, आत वाजणारं तिचं काळीज, सगळंच पुसलं गेलं होतं. पंख उघडून बसलेल्या कोंबडीसमोर गारठून मेलेलं पिल्लू त्यांनी या हातांनी उचललं होतं, आणि तरीही त्यांच्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

त्यांचं बोलणं आपोआप थांबलं. बाळानं दूध सोडलं आणि ओठ काढले.

सानिकाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती रागावलेली नव्हती. कोडं सुटत नसलेल्या माणसासारखी ती विचारत होती. “आई, नऊ महिने माझ्या पोटात होता हा. मी दिवसभर याच्याशी बोलायची, पडल्या पडल्या दुसरं काय करणार? मग याला माझाच आवाज परका कसा? माझं काय चुकलं?”

तिचं काही चुकलं नव्हतं, हे सांगणारं माणूस जगात एकच होतं. सुवर्णाबाई पलंगाशी गेल्या, सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. सगळं सांगून टाकायचं, विहीणबाईंना आत बोलावून त्यांच्यासमोर सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. “सानिका, ऐक,” त्या म्हणाल्या.

बाळानं रडणं थांबवलं, आईच्या कुशीतून मान काढली आणि आवाज आला त्या बाजूला आपली चिमुकली मूठ पुढे केली. सानिकानं ती मूठ पाहिली. सुवर्णाबाईंनी तोंड मिटलं. आपण बोललो तर हे पोर आईपासून आणखी दूर जाणार, आणि न बोललो तर उपाशी राहणार. मग ते आईचं व्हावं म्हणून आजीनं आता बोलत राहायचं, की जन्मभरासाठी गप्प व्हायचं?